विहिरीवर नाव घ्यायचं नाही

सोलापूरहून परत आल्यापासून दापोलीत जो भेटतो तो पहिलं विचारतो, "चादरी आणल्यात का?" आणल्या. शेंगाची चटणीही आणली, ती संपलीसुद्धा. सिद्धेश्वराचं देऊळ पाहिलंत का? पाहिलं, जीपमधून जाताना, आणि नमस्कारही मानेनंच केला, कारण दोन्ही हात मोकळे नव्हते. का नव्हते ते पुढं येईल. आणखी काय पाहिलंत? आणखी एक विहीर पाहिली. एवढं म्हटलं की लोक हसतात. घराघराच्या मागं विहीर असलेल्या गावातून उठून ही बाई विहीर बघायला सोलापूरला गेली होती! प्रत्येकाला बसवून सगळं सांगायचं तर चहाचं आधण दोनदा ठेवावं लागतं, म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी माझ्याबद्दल. मी भित्री आहे. पाल, वीज, अवेळी वाजलेला फोन आणि विहीर, या सगळ्यांना मी घाबरते, आणि त्यात विहिरीचा नंबर पहिला. माहेरी आमच्या आगरात जांभ्यानं बांधलेली विहीर होती. पावसाळ्यात अशी तुडुंब भरायची की वाकून तांब्या बुडवावा. तरी पोहरा सोडताना मी तोंड फिरवून उभी राहायची. आई म्हणायची, "विहीर काय वर येऊन तुला खाणार आहे?" नाही खाणार, अशी खात्री मला कुणी अजून दिलेली नाही.

आणि आता आमच्या ह्यांच्याबद्दल. पोस्टातून निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्म करतात, नातवंडं सांभाळतात. ह्यांनी विहिरी धरल्या. जुन्या, गाळानं आणि कचऱ्यानं भरलेल्या विहिरी उपसून स्वच्छ करणारा एक गट आहे. गावोगावची हौशी माणसं फोनवर जमतात आणि सुट्टी काढून कुठल्यातरी गावात फावडं घेऊन उतरतात. हे त्यात कसे शिरले ते त्यांनाच ठाऊक. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत स्प्रिंग बसवली आहे. डॉक्टर म्हणाले होते, थोडं चाला. हे विहिरी खणायला लागले. एरवी हे जातात आणि मी घरी फोन मांडीवर घेऊन बसते. पण या वेळी ठरलं मे महिन्यात, आणि सोलापूर. मी सांगून टाकलं, मी येणार.

"तू येऊन काय करणार?"

"लक्ष ठेवणार."

"विहिरीवर? तू?"

"विहिरीवर नाही. तुमच्यावर."

माझ्या पिशवीत ह्यांच्या गोळ्या, जिभेखाली ठेवायची गोळी, मीठ-साखरेची पाकिटं, ऊन लागू नये म्हणून कांदे, विंचवावरचं मलम आणि एक शिट्टी होती. येऊ शकतील अशा सगळ्या संकटांवर औषध होतं. जे आलं त्यावर सोडून.

होटगीच्या पुढं

वस्तीचं नाव सांगत नाही, कारण माणसं चांगली आहेत आणि झालं ते त्यांना अजून बोचतं. सोलापूरजवळची होटगी मागं टाकली की डावीकडं कच्चा रस्ता लागतो, एवढंच सांगते. स्टेशनवर आम्हाला घ्यायला मल्लिनाथ आला होता. चाळिशीचा, डेअरीत नोकरी करणारा, बोलताना सारखा टोपी काढून घालणारा माणूस. विहीर स्वच्छ करायचं त्यानंच मनावर घेतलं होतं. वस्तीला उन्हाळ्यात टँकर येतो, कधी येत नाही. पायऱ्यांची जुनी बारव लिंबाखाली कचऱ्यानं बुजून पडली होती. तिच्यात झरा आहे असं म्हातारी माणसं सांगत. तो मोकळा झाला तर निदान जनावरांचं पाणी सुटेल, एवढीच त्याची आशा होती.

जीपमधून बाहेर बघताना मला कसंतरी व्हायला लागलं. आमच्याकडं नजर टाकली की कुठल्यातरी झाडाला, डोंगराला अडते. इथं ती अडतच नाही. काळी भेगाळलेली जमीन, एखादी बाभूळ, दूर धुरकट रेघ, आणि वर नुसतं पांढरं आभाळ. इथं माणसाला काही झालं तर दवाखाना कुठं, असा विचार मी करत होते, तेवढ्यात ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. "बघ, केवढं मोकळं!" एकाच खिडकीतून दोघं बघत होतो, पण दिसत होतं वेगवेगळं.

उतरलो मल्लिनाथच्या घरी. धाब्याचं घर, जाड भिंती, आत आश्चर्य वाटावं असा गारवा. त्याची आई शांतव्वा दारात उभी होती. उंच, वाळकी, कपाळाला विभूती, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. सुनेशी कानडीत बोलायची, माझ्याशी मराठीत, आणि चिडली की दोन्हीची खिचडी. मला तिनं पहिल्या क्षणापासून "अक्का" केलं. ताटात कडक भाकरी आली. ती मोडली की पापडासारखा आवाज होतो. शेंगाची चटणी, वर घट्ट दही, कच्चा कांदा. चव अशी की मी भीती विसरले, पण सवय जात नाही. मी हळूच विचारलं, भात आहे का?

शांतव्वा घाबरून ह्यांच्याकडं बघायला लागली. "कोण आजारी हाय?"

"कुणी नाही. आम्ही रोज खातो."

"रोज?" ती सुनेकडं वळून कानडीत काहीतरी म्हणाली आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मग मला समजावलं, "अक्का, हितं भात आजारी माणसाला करत्यात की." तिथं असेपर्यंत मी पुन्हा भाताचं नाव काढलं नाही. अपशकून कशाला करा?

बारव

दुसऱ्या दिवशी सकाळीच विहिरीवर गेलो. मी लांब लिंबाखाली बसायचं ठरवलं होतं, पण शांतव्वानं हात धरून काठावर नेलं. मी एकाच डोळ्यानं पाहिलं. काळ्या दगडाच्या पायऱ्या एका अंगानं खाली जात होत्या. अर्ध्यावर एक ओटा होता, आणि ओट्याच्या खाली विहीर एकदम अरुंद आणि काळोखी होत गेली होती. तळाशी काळं पाणी होतं. त्याचा वास वरपर्यंत येत होता, कुजलेल्या पाल्याचा. मी डोळा मिटला.

काठावर सात दगड मांडलेले होते, शेंदूर लावलेले, पुढ्यात फुटक्या-अखंड हिरव्या बांगड्या. साती आसरा. पाण्यात राहणाऱ्या या सात बायांचं भय आमच्याकडंही आहे, त्यामुळं ओळख लगेच पटली. मी हात जोडले. शांतव्वाला ते आवडलं. तिनं मला तिथला नियम सांगितला.

"खाली माणूस असला की वरनं त्याचं नाव घ्यायचं न्हाई, अक्का. कुणाचंच. आसरा ऐकत्यात. नाव कळलं की मग त्या हाक मारत्यात. माणसाला वाटतं घरचंच कोण हाय, अन् त्यो 'ओ' देऊन जातो."

"मग बोलवायचं कसं?"

तिनं मल्लिनाथला खूण केली. तो काठावर आला आणि खाली ओरडला, "हाय का?"

खालून चार-पाच आवाज एकदम आले, "हाय!"

झालं, एवढंच. खाली कितीही माणसं असोत, वरून "हाय का" आणि खालून "हाय". वस्तीत पिढ्यानपिढ्या असंच चालत आलेलं. मला तर हा नियम फार बरा वाटला. एक तर आसरांना फसवण्यात काही गैर नाही असं माझं मत आहे. आणि दुसरं म्हणजे मला तो पाळायला काहीच त्रास नव्हता. लग्न झाल्यापासून ह्यांचं नाव मी फक्त उखाण्यात घेतलंय, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. बाकी जन्मभर "अहो". नव्या मुली नवऱ्याला "ए" म्हणतात, माझी सूनही म्हणते, माझी काही तक्रार नाही. पण माझ्या तोंडातून ते निघत नाही. जीभच वळत नाही.

त्या दिवशी वरचा कचरा निघाला. झुडपं, प्लास्टिक, जुन्या चपला, एक मोडकी सायकल. दोन विंचू निघाले, माझं मलम बाहेर आलं आणि कुणाला न लागता परत आत गेलं. एक धामण निघाली. मी किंचाळले तेव्हा हातातली पाण्याची बाटली विहिरीत पडली, आणि खालून ह्यांचा आवाज आला, "वरून प्रसाद आला रे!" सगळे हसले. ऊन असं की खडूनं रेघ ओढावी तशी सावली कापलेली. मी ह्यांच्या खिशात कांदा कोंबला होता. तासातासाला मी "अहो, पाणी प्या" म्हणून ओरडायचे.

जेवताना हे म्हणाले, "तू वर बसून माझ्या वाट्याची भीतीपण वाटून घे. म्हणजे मला मोकळ्या मनानं काम करता येईल."

मी म्हटलं, "घेतेच आहे. तुमच्या वाट्याची आणि स्प्रिंगच्या वाट्याचीही."

एक गोष्ट मात्र मी शोधून काढली होती. वरून "हाय का" गेलं की खालून सगळे "हाय" म्हणायचे आणि हे एकटे "आहे" म्हणायचे, आमच्या दापोलीच्या वळणाचं. त्या घोळक्यात ते "आहे" मला बरोबर सापडायचं. तेवढं ऐकलं की मी पुढच्या हाकेपर्यंत श्वास घेऊ शकायचे.

पंप

तिसऱ्या दिवशी काळं पाणी काढायचं होतं. आदल्या दिवशी वरून वस्तीतला पंप लावून पाहिला होता, पण एवढ्या खोलातून तो पाणी उचलेना. म्हणून मल्लिनाथ संध्याकाळीच शहरातून पेट्रोलवर चालणारा एक छोटा पंप मागून घेऊन आला होता. एका माणसाला उचलता येईल एवढा. तो त्यांनी पायऱ्यांवरून खाली नेऊन ओट्यावर ठेवला, पाण्याच्या जवळ. पाईप वर काढला. मल्लिनाथ खूश होता. "आता बगा, जेवायच्या आत तळ दिसतोय."

आणि खरंच पाणी वर यायला लागलं, काळं, घट्ट, फेसाळ. वस्तीतल्या बायका बघायला जमल्या. पंपाचा आवाज विहिरीत घुमून वर येत होता, बोललेलं ऐकू येत नव्हतं. सकाळभर तो चालला. तळाला गाळ लागल्यावर बंद केला. माणसं खाली उतरण्याआधी मल्लिनाथनं दोरीला कंदील बांधून सावकाश तळापर्यंत सोडला. खराब हवा असेल तर ज्योत विझते, हे तर आमच्याकडंही माहीत आहे. सगळे वाकून बघत होते. मीही पाहिलं, एका डोळ्यानं. कंदील छान तेवत होता. शांतव्वानं बोटं कानशिलावर मोडली. मीही निःश्वास टाकला. भिऊन भिऊन दमलेल्या माणसाला एवढंसं कारण पुरतं.

हे, सिद्धाराम नावाचा दांडगा शेतकरी आणि आणखी दोघं तळाशी उतरले. वर चाकावरून दोर सोडला होता. खालून घमेली भरायची, वरच्यांनी ओढायची. गाळाची घमेली एकामागून एक येत होती. मग हे पाणी प्यायला वर आले तेव्हा म्हणाले, "डोकं जड झालंय."

"ऊन आहे. बसा आता."

"खाली ऊन कुठं आहे? खाली गार आहे." आणि परत उतरले. मी पाठीमागून बोलत राहिले, पण ते ह्यांना आता सवयीनं ऐकू येत नसावं.

काही वेळानं घमेली यायची थांबली. दोर सैल लोंबत होता. मल्लिनाथ काठावर गेला.

"हाय का?"

"हाय," खालून आलं. एकच आवाज. जाडसर.

"दमली असतील," मल्लिनाथ म्हणाला आणि मागं वळला.

"आहे" आलं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, पाणी पीत असतील, तोंडात तंबाखू असेल, तंबाखू हे खात नाहीत तरी असेल. मी उठले. कधी नाही ते आपल्या पायांनी त्या काठापर्यंत गेले. दोन्ही डोळे उघडे ठेवून खाली पाहिलं. काळोखात काही दिसेना. कंदील मात्र एका दगडावर तेवत होता.

"अहो!"

"हाय," खालून आलं. सिद्धारामचा आवाज, झोपेत बोलल्यासारखा.

"अहो! तुम्ही! तुम्ही बोला!"

"हाय... हाय की, काकू."

तिथं मला कळलं की माझ्याकडं ह्यांना बोलवायला शब्दच नाही. "अहो" म्हटलं की जगातला कुठलाही पुरुष ओ देऊ शकतो. मल्लिनाथ म्हणत होता, काकू, हायत की सगळे, उत्तर देत्यात की. मागं शांतव्वा उभी होती, शेजारी ते सात दगड होते. मला दोन्ही बाजूंची भीती वाटत होती, नाव घेण्याची आणि न घेण्याची. अशी मी आयुष्यात कधी भ्याले नव्हते.

"मनोहर!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. विहिरीनं तो उचलला, आत फिरवला आणि मला परत दिला. खालून काही नाही. शांतव्वानं माझं मनगट घट्ट धरलं. "बेड अक्का, बेड!" नको, नको. मी हात हिसडून सोडवून घेतला.

"मनोहर! मनोहर, उत्तर द्या!"

मग सिद्धारामचा आवाज आला, आता पार वेगळा, घाबरलेला. "काका... काका बसल्यात हितं. काका उठंनात. माजंबी पाय... पाय चालंनात."

मल्लिनाथ धावलाच. टोपी फेकून, पायऱ्यांवरून उड्या मारत. आणि माझ्या मागून किंकाळी आली, "मल्लू! मल्लिनाथ! थांब! दोर बांध!" शांतव्वाच ओरडली होती. आपल्या लेकाचं नाव, त्याच विहिरीवर, त्याच दगडांसमोर. मल्लिनाथ ओट्यावर थबकला. आईनं नावानं हाक मारली म्हणूनच थबकला असं तो नंतर म्हणाला. वरच्यांनी त्याच्याकडं दोराचं टोक टाकलं, त्यानं कमरेला बांधलं, छाती भरून श्वास घेतला आणि खाली गेला.

पुढचं मला सलग आठवत नाही. खालचे दुसरे दोघं रांगत पायऱ्या चढून आले आणि काठावर ओकले. दोर ताणला गेला. मल्लिनाथनं तो ह्यांच्या काखेखालून बांधला होता. ओढायला जे होते त्या सगळ्यांनी हात घातले, बायकांनीसुद्धा, मीसुद्धा. माझे तळहात सोलले होते, ते संध्याकाळी दवाखान्यात लक्षात आलं. हे वर आले तेव्हा चेहरा चांगला गुलाबी होता, लग्नातल्या फोटोत आहे तसा. त्या गुलाबी रंगानं मला आजही धडकी भरते. मागोमाग सिद्धारामला काढलं, आणि शेवटी मल्लिनाथ आपल्या पायांनी वर आला. आल्या आल्या शांतव्वानं त्याच्या थोबाडीत मारली आणि त्याला मिठी मारली.

शहरात

जीपमध्ये ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दोन्ही हातांनी धरलं होतं, खड्ड्यांत हलू नये म्हणून. सिद्धेश्वराचं तळं आणि देऊळ बाजूनं गेलं तेव्हा मान लववली ती अशी. होटगीपासून शहरापर्यंत मी एकच करत होते, नाव घेत होते. मनोहर, मनोहर, मनोहर. इतक्या वर्षांचं साठलेलं असावं. मधेच एकदा पापणी हलली असं वाटलं. मी ओरडले तसा ड्रायव्हर दचकला आणि जीप दुभाजकावर चढता चढता राहिली.

दवाखान्यात नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती. तिनं मल्लिनाथला विचारलं, "आत काही मशीन चालवलं होतं का?"

"पंप."

"पेट्रोलचा? आत ठेवून?"

मल्लिनाथ भिंतीला टेकला आणि हळूहळू जमिनीवर बसला. तिनं सांगितलं की त्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्यानं दिवाही विझत नाही. चेहरा उलट गुलाबी दिसतो. माणूस फक्त सुस्तावतो. बसावंसं वाटतं. मग बसतो.

"पंप मीच आणला," मल्लिनाथ म्हणाला. "वरनं पाणी उचलंना म्हणून." एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मला त्याचा राग यायला हवा होता. पण रागाला लागणारी ताकद शिल्लक नव्हती.

संध्याकाळी ह्यांनी डोळे उघडले. मास्क बाजूला करून पहिलं वाक्य काय बोलावं? "किती गाळ निघाला?"

मला वाटलं, एक ठेवून द्यावी. शांतव्वासारखी. पण मी रडले.

थोड्या वेळानं हे म्हणाले, "तू मला नावानं हाक मारलीस?"

"छे."

"मी ऐकली."

"भास झाला असेल. वायूनं होतं तसं."

हे थोडं हसले आणि मग हसू ओसरलं. "ऐकू येत होतं. पण तोंड उघडायचा कंटाळा येत होता. वाटलं, देऊ उत्तर सावकाश. घाई काय आहे." आणि माझ्याकडं बघत राहिले. आजवर मी ह्यांच्या चेहऱ्यावर भीती पाहिली नव्हती. बायपासच्या गोष्टी चालल्या होत्या तेव्हाही नाही. आता पाहिली, आणि माझी भीती कमी होण्याऐवजी दुप्पट झाली. इतके दिवस मी एकटी भीत होते तेव्हा निदान दोघांतला एक जण तरी निर्धास्त होता.

सिद्धाराम शेजारच्या खाटेवर घोरत होता. तो दुसऱ्या दिवशी घरी गेला. ह्यांना आणखी थोडे दिवस ठेवून घेतलं, हृदयाचं प्रकरण म्हणून.

परत वस्तीवर

ह्यांना दवाखान्यातून सोडल्यावर सामान आणायला परत जावं लागलं. मला तिकडं पाऊल टाकायचं नव्हतं. खरं सांगते, शांतव्वाला तोंड कसं दाखवायचं हाच प्रश्न होता. तिचा नियम मी मोडला, तिच्यादेखत, त्या दगडांसमोर. ह्यांचं नाव आता आसरांना ठाऊक झालं होतं. हसू नका. दिवसा उजेडी दवाखान्यात मीही हसले असते. पण धाब्याच्या त्या घरात, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, मला हसू येत नव्हतं.

दारातच भाताचा वास आला. शांतव्वानं ह्यांना पाटावर बसवलं आणि पुढ्यात मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकुटासारखं काहीतरी वाढलं. "आता खावा. आता खरं आजारी हायसा." हे निमूट जेवले.

मग ती मला विहिरीवर घेऊन गेली. मी नको म्हटलं तरी नेलंच. सात दगडांपुढं नव्या हिरव्या बांगड्या होत्या, दोन जोड. एक जोड ह्यांच्यासाठी, एक मल्लिनाथसाठी. तिला पाहिलं तर डोळे खोल गेलेले. त्या दिवसापासून ती झोपली नव्हती. लेकाच्या उशाशी बसून राहायची, त्याचा श्वास बघत.

"मी नाव घेतलं," मी म्हटलं. "माझ्याकडून राहवलं नाही."

"मी बी घेतलं की."

लिंबाचा पाला वाळून खाली पडत होता. खरं तर मला तिच्याकडून ऐकायचं होतं की हे सगळं खोटं असतं, काही होत नाही. ती तसं काही म्हणाली नाही. ती माझ्याहून जास्त भ्याली होती.

"मी लई विचार केला, अक्का," ती शेवटी म्हणाली. "एकदाच घेतलं तर नाव त्यांचं झालं. रोज घेतलं तर आपलं ऱ्हातं. आता घेतलंयस नव्हं? मग सोडू नगंस. रोज घे. तू तितं घे, मी हितं घेते."

त्या दिवशी विहिरीत काम पुन्हा सुरू झालं होतं. पंप हद्दपार झाला होता, उरलेलं पाणी बादल्यांनी काढत होते. मल्लिनाथ तळाशी होता, कमरेला दोर. शांतव्वा काठावर गेली, पदर खोचला आणि वाकून खणखणीत आवाजात एकेकाचं नाव घ्यायला लागली. "सिद्धाराम!" "हाय!" मग दुसरा, मग तिसरा, प्रत्येकाचा वेगळा "हाय". प्रत्येक नावाआधी ती त्या दगडांकडं बघत होती. "मल्लिनाथ!" शेवटी ती म्हणाली. खालून "हाय, अव्वा!" आलं तेव्हाच ती सरळ उभी राहिली.

झरा आम्ही असेपर्यंत लागला नव्हता. परवा मल्लिनाथचा फोन आला, तळाला ओल दिसतेय म्हणून. हे लगेच म्हणाले, पुढच्या वेळी... मी बघितलं तसं वाक्य तिथंच सोडलं.

आता मी घरी आहे. मागं विहीर आहे, पावसाळ्यात वाकून तांब्या बुडवावा अशी. हे अंघोळीला गेले आणि जरा वेळ लागला, की मी गॅस बारीक करून स्वयंपाकघराच्या दारात येते. "अहो" मी आता म्हणत नाही. त्या शब्दावर माझा भरवसा राहिलेला नाही. सून हसते, नातू नक्कल करतो, शेजारच्या बायका कुजबुजतात. मी नावानं हाक मारते. दरवेळी जीभ अडखळते, आणि दरवेळी मारते.

"मनोहर?"

पाण्याचा आवाज थांबतो. कधी लगेच, कधी थोडा उशिरा.

"आहे," आतून येतं.

मग मी गॅस मोठा करते.